शेणानं लिपलेली ढोली

गडचिरोलीहून धानोऱ्याला निघालेल्या एसटीत नूतन मांडीवरचा डबा न उघडताच बसली होती. वजन वाढतं म्हणून तिनं दुपारचं जेवणच सोडलं होतं, तरी वजन उतरत नव्हतं. मागच्या सीटवर दवाखान्यातून परतणाऱ्या सासू-सुना, आणि सासूचा आवाज थेट ड्रायव्हरपर्यंत.

"रंजीता, डाक्टरीन काय म्हन्ली ते अजून एक खेप सांग बरं."

"गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी सुस्त झाली, आत्याबाई. मेंदू तिले हुकूम देऊन राह्यला, पन ते आयकतच नाई. म्हनून कमी खाल्लं तरी वजन वाढते."

"म्हन्जे तू चोरून खात नोहोती?"

"घरातल्या बांबूच्या ढोलीत साठवलेल्या मोहफुलाले हातबी नाई लावला."

"आन मी तं तुले पकडाले ढोलीचं तोंड शेनानं लिपलं!"

"लिपन फुटलं का कधी?"

"नाई ना! मंग म्या म्हन्लं, जंगलात मोहं वेचता वेचताच खात असन."

"साऱ्या गावाले सांगतलं तुमी."

"आता कोनी तुले खादाड म्हन्लं, तं माह्याशी गाठ हाय!"

"पयले तुमीच म्हन्लं होतं."

बस खड्ड्यातून उसळली. सासूनं पुढच्या सीटची दांडी धरली.

"तं मंग ते लिपन मीच फोडन. साऱ्या बायाइच्या समोर! आन मोहाचा पयला लाडू तुह्या हातात."

"साऱ्या बायाइच्या समोर?"

"हो! पाटलीनबाईलेबी बोलावतो."

नूतन मागं वळली. "बाई, हे थायरॉइडची तपासनी कुठी होते?"

"सरकारी दवाखान्यात, पोरी. उद्याच रगत देऊन ये. आन तो डबा उघड आधी!"