नकलाकाराचा घसा

घशाच्या डॉक्टरांनी आठवडाभर अवाक्षर काढायचं नाही अशी तंबी दिल्यामुळे शाळेतल्या बाई नुसत्या ऐकत बसल्या होत्या. दवाखान्यात शेजारच्या बाकावर एका नकलाकाराची बायको होती; तो तपासणीच्या खोलीतून येऊन तिच्याजवळ बसला.

"इतक्यात बाहेर आलात?"

"डॉक्टर म्हणाले, स्वतःच्या आवाजात बोला, म्हणजे घसा कुठे ताणला जातो ते कळेल. बोललो. तर म्हणाले, हा नव्हे, तुमचा. दुसरा काढला. तर म्हणाले, बाहेर बसा, सापडला की या."

"अहो, घरी बोलता तो काढायचा!"

"घरी मी तुझ्या वडिलांच्या आवाजात बोलतो. मुलं ऐकतात म्हणून."

"अगंबाई! तरीच तुम्ही हाक मारलीत की मला धडकी भरते. बरं, मला मागणी घातलीत तेव्हाचा काढा. किती मऊ होता!"

"तो आमच्या नाटकातल्या नायकाचा. तू त्याच्यावर फिदा होतीस ना."

"म्हणजे मी हो म्हटलं ते कोणाला?"

"आता मला काय विचारतेस?"

"चला, कोण राहिलंय?" आतून हाक आली.

"आलो!" तो दचकून म्हणाला.

"थांबा. हा कोणाचा?"

"काय की. तुझ्या ओळखीचा आहे?"

"नाही बाई. हा कधीच ऐकला नाही."

"मग चल पटकन, हा जायच्या आत."