मास्तरची पाटलोण

…अन् असे दारातच काऊन थबकले, मास्तर? या, आत या. पाटलोण तयार आहे, पांढरीफेक! आता तुमचं काय बाप्पा—वर्षभर अमरावतीले राहून शिकून आले, उद्यापासून शाळेत पोट्ट्याईले हुतुतू शिकवान अन् वरून त्याचा पगार घ्यान. हुतुतूचा पगार! आपल्या सिंदी गावात कोणाले सांगतलं असतं त येड्यात काढलं असतं. मी कापसाच्या जिनिंगमागच्या पटांगणात इतके पोट्टे तयार केले, मले कोणं कपभर चहा पाजला? नाई, तक्रार नाई करून राह्यलो. हा श्रावण शिंपी काय—दिवसभर मशीन, संध्याकाळी लंगोट.

जा, पडद्यामागं घालून पाह्य. तिथून ऐकू येते ना? त अच्युता, तुले पह्यला दम कोणं शिकोला? अरे, मधल्या रेघेपासून चार पावलं गेला का खोकलत वापस येत जाय तू! छाती फुगवू नोको, पोटातून बोल—कोण म्हणे असं? अमरावतीवाले? अन् पोट्टेई असे हरामी, काल माह्याच दुकानात बसून मलेच पुसते—उस्ताद, अच्युत सर कधी येतीन? सर! आयत्या बिळावर नागोबा. हो, जळतो मी. पोटात दुखते माह्या. माह्या बायकोनं, अनुसयेनंई ओळखलं, म्हणे, घास गोड लागत नाई तुमाले, पाटलोण शिवून राह्यले का कफन?

घातली? ये बाहेर. हं… कमरेत ढिली? काऊन होईन ढिली? अन् खाली आखूड? नीट उभा राह्य आधी. अमरावतीच्या खानावळीत वाळला असशीन. अन् पाय—आता या वयात पाय वाढते काय बे? माप त मीच घेतलं तुह्यं… नाई घेतलं? मागच्या खेपेले आला तवा कापड टाकून गाडी धराले पळालता तू? मंग मी कापलं कायच्यावरून—नजरेनं कापलं अशीन, माही नजर चुकत नाई. काढून आणली काऊन? ए, माह्या कमरेले लावू नोको. अच्युता, हासू नोको म्हणतो ना! …बसते. बरोबर बसते मले.

कापतानी डोयापुढं पटांगण होतं रे. पोट्टे रांगेत उभे, शिट्टी वाजून राह्यली, अन् पांढऱ्या पाटलोणीत समोर जो उभा होता, तो तू नोता. मले ठाऊकच नाई कातर कोणाच्या मापानं चालली थे.

काय म्हणतं? उद्या शाळेत तुह्यासंग येऊ? बाजूले उभा राहू? नाई जमत. लगनाचे कपडे पडले आहे. तुही दुसरी शिवतो, कापड माह्याकडचं, सकाळी शाळेच्या आधी घेऊन जाजो. हात वर कर, माप घेऊ दे. …झालं. जा आता, मास्तर, जा. थे पह्यली पाटलोण? थे राहू दे तिथंच. घडी नोको करू.