उजेडात पाहायला बाहेर काढलेला टीव्ही

नाव रुख्माबाई बिसराम कुंभरे, वय ४४ वर्षे, धंदा शिलाईकाम, राहणार फुलचूर, तालुका व जिल्हा गोंदिया.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पती बिसराम यांच्यासह राहते. पती राईस मिलमध्ये हमाल आहेत. आमची मुलगी भाग्यश्री राज्याच्या कबड्डी संघात आहे. तिचा सामना उद्या दुपारी टीव्हीवर दाखवणार आहेत. मोहल्ल्यातल्या सगळ्यांना मी स्वतः घरोघर जाऊन बोलावले आहे. आमची पुढची खोली पश्चिमेला असून दुपारी तिथे ऊनच ऊन असते. जुन्या टीव्हीत तेव्हा खिडकीशिवाय काही दिसत नाही. म्हणून नवीन टीव्ही घ्यायला आज आम्ही बाजारात गुलाबचंद शेठ यांच्या दुकानात गेलो.

शेठ जेवायला गेले होते. नोकर इंद्रकुमार यांनी टीव्ही दाखवले. आत अंधार करून ठेवला होता, त्यामुळे सगळेच चांगले दिसत होते. सर्वांत महागाचा दाराजवळ होता, त्यात मला माझेच लुगडे दिसले. मधल्या किमतीच्या एकाचा पडदा चकाकत नव्हता, पण तो आत होता. अंधारात काय डोंबल कळणार! इंद्रकुमार म्हणाले, "परदा लगाओ, दरवाजा बंद करो, कोई भी चलेगा." मी म्हटले, "दार कायले लावू? लोकं पाहाले येतीन अन् मी दार लावून बसू? आमी का चोर आहोत?" तो शब्द आधी माझ्याच तोंडून निघाला, हे खरे आहे.

लुगडे घेताना आम्ही ते दाराशी नेऊन उजेडात रंग पाहतो. दुकानदारच म्हणतो, बाहेर पाहा बाई. मिलवाले तांदूळही उन्हात धरून पाहतात. तसा हा न चकाकणारा टीव्ही दुकानाच्या पायरीवर लावून पाहू का, असे मी विचारले. इंद्रकुमार हसले, "देखो ना, कौन मना किया" म्हणाले आणि लांब वायरचा बोर्ड आणायला आत गेले. पतींनी टीव्ही उचलला. जन्मभर पोती वाहिलेला माणूस, त्यांनी तो खांद्यावरच घेतला.

ते पायरीवर पोचले तेव्हाच शेठ गाडीवरून उतरत होते. "चोर! चोर! पकडो!" असे ते ओरडले. लोक जमले. एकाने पतींची कॉलर धरली. पती पळाले नाहीत की त्यांनी कॉलर सोडवून घेतली नाही, कारण टीव्ही पडला असता. इंद्रकुमार बोर्ड घेऊन बाहेर आले. शेठनी विचारल्यावर त्यांनी खाली पाहिले व "मालूम नहीं" म्हणाले. त्या माणसाचा मला फार राग आला, अजूनही आहे.

टीव्हीला ओरखडाही नाही. पतींचा सदरा फाटला, तो मी शिवीन.

शेठ यांच्या तक्रारीवरून आम्हाला ठाण्यात आणले. इथे आल्यावर इंद्रकुमार खरे बोलले. शेठ यांनी तक्रार मागे घेतली व तोच टीव्ही स्वस्तात देतो म्हणाले. मला स्वस्तात नको. पती ठाण्यात आल्यापासून एकदाच बोलले, "उद्या दार लावूनच पाहू आपण." आमचे दार दिवसा कधी लागलेले नाही. शेठनी त्याच पायरीवर उभे राहून, बाजारापुढे, चूक झाली म्हणावे. मग पूर्ण भाव देऊन टीव्ही घेऊ आणि दार उघडे ठेवू.

हा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. फक्त वाचताना साहेबांनी 'चोर' हळू वाचले. शेठ हळू म्हणाले नव्हते. बाकी बरोबर आहे.