चावा कोणत्या कुत्र्याचा, याबाबत

दिनांक १४ मार्च. घटना ८ तारखेची आहे. इतके दिवस गप्प राहिल्याबद्दल मी प्रथम माफी मागते, आणि ही माफीही जबाबात लिहून घ्यावी अशी विनंती करते.

मी, बुरुलचा जुमाकादीर-किझी, वय ४४ वर्षे, धंदा हवामान केंद्रात निरीक्षक, राहणार काराबुलुन गाव, नारीन परगणा, समक्ष हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर वडील जुमाकादीर यांच्यासोबत राहते. आमच्याकडे कुमुश नावाची ताइगान जातीची शिकारी कुत्री नऊ वर्षे होती.

वडिलांचे जिवलग मित्र सादीरबेक थंडीत वारले. त्यांच्या चाळिसाव्या दिवसाच्या जेवणानंतर त्यांच्या मुलांनी त्यांचा कुत्रा बोरून याची दोरी वडिलांच्या हातात दिली. आमच्यात ताइगान विकत नाहीत, आणि गेलेल्या माणसाचा कुणी दिला तर नाही म्हणत नाहीत.

पशुवैद्यांनी मला सांगितले होते की, दोघांची पहिली भेट घराबाहेर मोकळ्यावर करावी, थाळ्या लांब ठेवाव्यात, आधी घरच्या कुत्रीला वाढावे, आणि ती गुरगुरली तर तिला रागावू नये, कारण गुरगुरून ती आधी सांगत असते. हे मी वडिलांना एकदाच बोलून दाखवले. ते म्हणाले, "पोरी, सादीरबेकच्या घरचा पाहुणा आलाय. त्याला घरच्यांच्या मागून वाढू?"

शेजारी तेमिरकुल तिथे होते. वडीलधाऱ्याला हाक मारतात तसे ते म्हणाले, "अक्साकाल, मग गादीवर बसवा की त्याला! मानाच्या पाहुण्यापुढे ठेवतात तसं मेंढीचं डोकं ठेवा पुढ्यात, म्हणजे झालं." वडील हसले. मित्र गेल्यापासून मी त्यांना हसताना पाहिले नव्हते. मी पुन्हा न बोलण्याचे ते एक कारण असावे. खात्रीने सांगता येत नाही.

त्यानंतर बोरूनला रोज आधी वाढले जाई. कुमुश गुरगुरली की वडील तिला म्हणत, "लाज नाही वाटत? दारात आलेल्यावर गुरगुरतेस?" आणि तिला दाराजवळच्या खांबाला बांधत. काही दिवसांनी तिने गुरगुरणे सोडले. तिला समजले, असे आम्ही समजलो. बोरून मात्र थाळीजवळ कुणी आले की ताठ होई, दात दाखवी. त्याला कुणी काही म्हटले नाही.

८ तारखेला दुपारी अंगणातल्या चुलीपाशी वडील बोरूनची थाळी सरकवायला वाकले. तो त्यांच्या उजव्या मनगटाला चावला. मी दारात होते, मध्ये आड काही नव्हते. कुमुश खांबाला बांधलेली होती. तिची साखळी चुलीपर्यंत पोचत नाही, हे मी नंतर ओढून पाहिले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कोणता कुत्रा? वडील म्हणाले, "आमचीच कुत्री. म्हातारी झालीय, डोकं फिरलंय तिचं." चावलेल्या कुत्र्याला मारून डोके तपासणीला पाठवावे लागेल, असे सांगून डॉक्टरांनी इंजेक्शने सुरू केली. मी शेजारी उभी होते.

परत येताना मी वडिलांना म्हणाले, "अता, मी पाहिलंय."

"काय पाहिलंस? सादीरबेकच्या कुत्र्याला माझ्या दारात गोळी घालू?" मग बरेच पुढे गेल्यावर म्हणाले, "आपलं माणूस समजून घेतं."

दुसऱ्या दिवशी वडिलांच्या सांगण्यावरून तेमिरकुल यांनी ओढ्याकाठी कुमुशला गोळी घातली. चावलेला कुत्रा कोणता हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांचा दोष नाही. वडिलांनी तिला स्वतः तिथवर नेले. दोरी लागली नाही. बंदूक पाहून शिकारीला निघालोत असे तिला वाटले असावे. ती पुढे पळे आणि ते येताहेत ना, हे वळून पाही. तिला काय वाटले हा माझा अंदाज आहे, तो पुरावा धरू नये.

तिचे डोके तपासणीला गेले. काल अहवाल आला, रेबीज नाही. डॉक्टरांनी वडिलांना सांगितले, आता पुढची इंजेक्शने नकोत. वडिलांनी मान डोलावली.

बोरून दोन दिवस पाण्याला तोंड लावत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो. सादीरबेक गेले तेव्हाही तो असाच होता, असे त्यांची मुले सांगतात; तेव्हा हे दुःखही असेल. पण सादीरबेक त्याला शिकारीत कोल्ह्यांवर सोडत, आणि कोल्ह्यांपासून रेबीज लागतो. म्हणून सांगते, की वडिलांना बोरून चावला. इंजेक्शने थांबवू नयेत. बोरूनला मारू नये, वेगळे बांधून पशुवैद्यांनी त्याच्यावर लक्ष ठेवावे.

जबाब घेणाऱ्या साहेबांनी विचारले, "ताई, वडिलांना खोटं पाडताय, कळतंय ना?" कळते. कुमुशला ओढ्याकडे नेले त्या ९ तारखेच्या सकाळीही हे कळत होते का, असे त्यांनी विचारलेले नाही. त्याचेही उत्तर होय असे आहे.

लिहिलेले सर्व मला सावकाश वाचून दाखवले. एके ठिकाणी बोरूनला 'पाहुणा कुत्रा' म्हटले होते, ते खोडून 'आमचा कुत्रा' करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच उतरले आहे, म्हणून सही करते.

उद्याचे काम: दवाखान्यात नेण्याआधी हे अतांना मी स्वतः सांगणे.