पंधरा दसऱ्यांचं कुंकू

हॅलो? पप्पा? चारू बोलतेय. एक विचारू? तुमची आजपर्यंत कधी चूक झालीये का?

…नाही हो, भांडायला नाही फोन केला. वर्गातल्या मुलींनी पैज लावलीये. प्रियंका म्हणे, हिंमत असेल तर पप्पांना हे विचारून दाखव. मी म्हटलं, त्यात काय एवढं… हां, मग सांगा ना.

…नाही? एकदापण नाही?

…विचार करून सांगा, घाई नाही. म्हणजे आहे थोडी. दीड वाजता मॅडम जेवायला जातात.

…कोणत्या म्हणजे? आरटीओच्या. मी तिथेच आहे, भूपेंद्रमामांसोबत. …हो, शाळेला सुट्टी. आईने चिठ्ठी दिलीये, पोटात दुखतंय म्हणून. …खोटं कसं? सकाळपासून दुखतंय.

…नाही, व्हॅन पास नाही झाली. फेल पण नाही झाली. अहो ऐका ना… पप्पा! भंगारवाल्याला फोन नका लावू. आपलं काय ठरलं होतं? आज पासिंग झालं नाही तर भंगारात, आणि आई घरी बसणार. ठरलं होतं ना? मग आज म्हणजे पूर्ण आज. आत्ता कुठे एक वाजलाय.

…हो, मला माहितीये या रविवारी काय आहे. जैनाबादचं लग्न, चारशे मांडे. लग्नघरच्या रजनीमावशींनी आईला काल दोनदा फोन केला. म्हणून तर मी इथे उभी आहे ना, उन्हात.

…सांगते. सुरुवातीपासून सांगते. बोलू तर द्या.

ब्रेक ओके. लाईट ओके. हॉर्न मामांनी बदललाय, वरातीवाला काढून ठेवलाय. मागची सीट मॅडमनी दाबून बघितली. विचारलं, इतनी चपटी क्यों है? मी सांगितलं, सहा वर्षं ओट्यावर होती, पप्पा दुपारी तिच्यावर झोपतात.

…मग काय सांगू? खरंच आहे ते. …नाही, लिहून नाही घेतलं. नुसतं ऐकलं. तुम्ही आता कुठे लवंडलात? …चटईवर? हां. त्यावर नंतर बोलू.

मग खालच्या पत्र्याची चार भोकं. आईच्या मांड्यांची शेगडी बोल्टने कसली होती ना, ती काढली, पण भोकं राहिली. मामांनी त्यांना कणीक भरून वरून रंग मारला होता.

…कणीक. पोळीची. …मला पण आत्ताच कळलं! मॅडमनी एका भोकावर बोट टेकवलं, बोट आरपार. बोटाला रंग, कणीक, सगळंच. त्यांनी मामांकडे बघितलं. मामा म्हणाले, पाणी निघायला ठेवलंय.

…हो ना. मी मग खरं सांगून टाकलं. माझी आई लग्नात मांडे करते, शेगडी गाडीत बसवलेली होती, आता काढली, इथून पुढे मांडवात खाली ठेवूनच भाजणार. मॅडम म्हणाल्या, ठीक है, भोकं बुजवा. समोरच्या दुकानातून रबरी बुचं आणली, बसवली. झालं.

…नाही ना, सगळं नाही झालं. मेन प्रॉब्लेम पुढे आहे. पप्पा, तुम्ही दसऱ्याला व्हॅनची पूजा कुठे करता?

…समोर नारळ, ते माहितीये. कुंकू कुठे लावता?

…जोरात बोला. …सीटखाली. तिथे काय आहे?

…हां! चेसिस नंबर. मॅडमना तोच बघायचाय. कागद ठेवून वरून पेन्सिल घासतात, नंबर उमटतो. आपला नाही उमटला. आपली छाप आली ना, ती दराब्याच्या मिठाईसारखी आली, नुसता गोळा.

…चिडू नका. मला पाठ आहे ते. शोरूमवाल्याने सांगितलं होतं, नंबर प्लेट बदलते पण हा नंबर गाडीचा जन्माचा असतो. म्हणून तुम्ही त्यालाच पुजता. भावना समजली हो, पण पंधरा दसरे झाले. कुंकू, वर तेल, वर अक्षता, परत कुंकू. बोटाच्या पेराएवढा थर आहे. मामांनी सकाळी नदीवर, राजघाटाला गाडी धुतली, तरी हललं नाही.

…नखाने? मामांचं नख तुटलं. …पेचकसने खरवडणं नाही चालणार! मॅडम म्हणाल्या, नंबरवर एकही ओरखडा दिसला तर मी पुढे सही करणार नाही. त्यांना आधीच वाटतंय आपण नंबर लपवलाय. …हो, चोरीची गाडी. तुम्ही हसू नका, त्या हसल्या नाहीत.

जी मॅडम… हाँ, पापा ही हैं लाईन पे. दो मिनट, मॅडम.

…पप्पा, आईला द्या. …तुम्ही बाजूला नका होऊ, स्पीकरवर टाका. आई? अगं ऐक ना. मांडे भाजायच्या खापराला पीठ करपून चिकटलं की तू काय करतेस? …खरवडत नाहीस. बरं. …कोमट तेल. मग? …मग ओला गरम कपडा, आणि हात नाही लावायचा. किती वेळ? …दहा मिनिटं? अगं मॅडमचा डबा… बरं, बरं. दहा.

मामा! चहावाल्याकडून गरम पाणी आणा, आणि भजीवाल्याकडून वाटीभर तेल. …नाही, भजी नको!

…आई, तू घाबरलीस का? आवाज कसला येतोय? …कणीक मळतेयस? आत्तापासून? रविवारला अजून तीन दिवस आहेत. …हाताला काम पाहिजे म्हणून. बरं. मळ.

…हो पप्पा, ऐकतेय. …नाही, मी तुम्हाला दोष नाही देत. …मी कुठे म्हटलं चूक आहे? तुम्हीच म्हणालात आत्ता. …नाही म्हणालात? ओके. मला ऐकू आलं तसं.

…थांबा, मामा कपडा उचलतायत. हळू, मामा… अरे बापरे! आई, सगळा थर एकसाथ सुटला. पापडासारखा! आतमध्ये तांदळाचे दाणे दिसतायत, पहिल्या वर्षाचे असतील. …टाकू नका म्हणतात पप्पा. मामा, रुमालात बांधा.

आकडे दिसतायत! मॅडम! मॅडम, आइए ना, नंबर आ गया!

…काय? तुम्हाला पाठ आहे? पूर्ण? …मॅडम, पापा को नंबर याद है. सुना दूँ? फोन स्पीकर पे है. मॅडमच्या हातात आरसी बुक आहे, पप्पा. म्हणा तुम्ही. शेवटचे सहा.

…चार. बरोबर. …एक. बरोबर. …नऊ. …शून्य. बरोबर. मॅडम मान हलवतायत. …तीन. बरोबर. …शेवटचा?

…सात?

…परत सांगा. …सात. नक्की?

पप्पा, इथे एक आहे.

…नाही, मी नीट बघितलं. मामांनी पण बघितलं. …आरसी बुकात पण एकच आहे. पंधरा वर्षांपासून एकच आहे. …घासून कसा जाईल? सातचा एक होतो का घासून? …मॅडम म्हणतायत गाडी बरोबर है, बस पापा गलत हैं. …हो, हसल्या. आता हसल्या.

म्हणजे पंधरा वर्षं तुम्ही दुसऱ्याच गाडीसाठी हात जोडलेत. कुठेतरी शेवटी सात असलेली एक व्हॅन असेल बघा. मस्त चालत असेल ती.

…विसरलात म्हणता?

…विसर आणि चूक एकच. हो किंवा नाही सांगा. प्रियंकाला सांगायचंय मला. …काय? …जोरात बोला ना, इथे ट्रक चालू आहे.

…थँक्यू. बस, एवढंच पाहिजे होतं.

…हो, मॅडम सही करतायत. हो आई, पेन्सिलने छाप पण घेतली, एकदम साफ आली. झालं! पास! …रडू नकोस अगं, कणीक सैल होईल.

आता दोघंपण ऐका. पप्पा, फोन बंद नका करू, भंगारवाल्याला नको म्हणून नंतर कळवा. सीट आता गाडीतच राहील, मॅडमनी सांगितलंय. शेगडी आणि खापर तिच्या मागे मावतात, मी मोजलंय. ओट्यावर तुम्ही खाट टाका. …हे मी ठरवलेलं नाही, हे तर नियमात आहे. मी ठरवलंय ते वेगळंच.

या दसऱ्याला व्हॅनची पूजा आई करणार. …विचारत नाहीये, सांगतेय. मांडे तिचे, व्हॅन तिच्या कामाची, हात तिने जोडायचे. कुंकू बोनेटवर, एक बोट. सीटखाली कोणी हात घालायचा नाही. नंबर मी वाचून दाखवीन, बघून. …तुम्ही? तुम्ही नारळ फोडा, पप्पा. ते तुम्हाला नीट जमतं.