थडग्यावरची सिगारेट

दफनभूमीकडे निघालेल्या बसमध्ये वेलिमिरच्या पुढच्या बाकावर नणंद-भावजय बसल्या होत्या. खोकला दाबून तो ऐकत होता.

“वहिनी, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे दादाच्या थडग्यावर पेटती सिगारेट ठेवायचीय ना?”

“ठेवायचीय हो, पण पेटवताना झुरका ओढावाच लागतो. सोडून एकवीस दिवस झालेत, वन्सं.”

“मोबाईलवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरीणबाई काय म्हणतात?”

“एकसुद्धा झुरका नको, म्हणतात. नाहीतर माझं फुफ्फुसाचं ऑपरेशन पुढं ढकलतील.”

“मग मी पेटवते.”

“तीस वर्षं ते ट्रक चालवायचे आणि शेजारी बसून मीच पेटवून द्यायचे. मला सवय लागली ती तिथंच.”

“मग करायचं काय?”

“तुम्हीच पेटवा. दमले मी. मी लांब उभी राहते. त्यांना मात्र सांगा, वहिनीनंच पेटवून दिलीय म्हणून.”