प्रत्येक पानावर माझाच नंबर

दाताच्या दवाखान्यात शिक्षिकाबाई मासिक चाळत होत्या. शेजारच्या बहीण-भावाचं बोलणं कानावर आलं आणि पान उलटायचं राहून गेलं.

"ताई, या दवाखान्याची वेबसाइट मीच केली. चाचणीपुरता माझा फोन नंबर टाकला, तो तसाच राहिला."

"मग बदल की!"

"सेटिंगच्या फाइलमध्ये बदलला ना! पण पानांनी तो तिथून वाचायला हवा. मी दीडशहाण्यानं प्रत्येक पानावर माझा नंबर हातानं लिहून ठेवलाय."

"म्हणजे पेशंट तुला फोन करतात?"

"रोज. परवा एका आजोबांना मी गुळण्या करायला सांगितलं."

"अरे, तू काय डॉक्टर आहेस?"

"म्हणून तर डॉक्टरांपुढे कबूल करायला आलोय. आणि ते आजोबा समोरच बसलेत. मघाशी काउंटरवर बोलले, तेव्हा आवाजावरून ओळखलं. गाल बघ किती सुजलाय."

"ऊठ. आधी त्यांना सांग."

तो उठला.

"आजोबा, परवा फोनवर मी बोललो. मी डॉक्टर नाही, वेबसाइटवाला आहे. चुकलो."

"तू होय तो! बरं झालं भेटलास. चल माझ्याबरोबर आत. कुठे कुठे दुखतंय ते तुला सगळं सांगून झालंय, आता डॉक्टरांना तूच सांग. मला फार बोलवत नाही."